सही कोणाची? उड्डाणशाळांतले प्रशिक्षक आणि शाळेतच होणारी परीक्षा

मोटारीचा पक्का परवाना हवा असेल तर आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून दाखवायचा, ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत. जुलै २०२१ पासून केंद्र सरकारने तिला एक फाटा फोडला. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात शिकून तिथलीच चाचणी पार केली, तर आरटीओच्या चाचणीतून सूट मिळू शकते. काहींना हे सोयीचे वाटले, काहींना पटले नाही. जो शिकवतो, फी घेतो, त्यानेच उमेदवार पास झाला असे सांगायचे का, हा त्यांचा प्रश्न होता.

विमानांच्या जगात हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, आणि योगायोग असा की तिथेही सुरुवात आठच्या आकड्यानेच झाली. ब्रिटनमध्ये १९१० पासून रॉयल एरो क्लब वैमानिकांना प्रमाणपत्रे देऊ लागला. उमेदवाराने हवेत आठचे आकडे काढायचे, ठरलेल्या जागेजवळ उतरून दाखवायचे आणि क्लबच्या निरीक्षकांनी जमिनीवरून ते पाहायचे. शिकणारे, शिकवणारे आणि पाहणारे एका लहानशा वर्तुळातले होते. सरकारचा हात त्यात बऱ्याच नंतर आला.

आज अमेरिकेत काही उड्डाणशाळांना आपल्याच विद्यार्थ्यांची अंतिम परीक्षा घेण्याचा कायदेशीर अधिकार आहे. युरोपने शिक्षक आणि परीक्षक यांच्यात रेघ ओढली आहे. भारतात लेखी परीक्षा सरकारच्या हाती आहे, उड्डाणाच्या परीक्षेत मात्र उड्डाणशाळांतलेच अनुभवी लोक परीक्षक म्हणून दिसतात. महाराष्ट्रातली शेकडो मुले गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथे किंवा थेट अमेरिकेत जाऊन हे शिक्षण घेतात आणि त्यासाठी घरदार गहाण टाकण्याइतके कर्ज काढतात. त्यामुळे हा वाद नेमका काय आहे आणि कुठवर आला आहे, हे आपण नीट समजून घ्यायला हवे.

तीन सह्या

वैमानिकाच्या घडणीत तीन सह्या महत्त्वाच्या असतात. पहिली लॉगबुकातल्या तासांखालची. आज इतका वेळ उडालो, अमुक सराव केला, असे विद्यार्थी लिहितो आणि प्रशिक्षक त्याखाली सही करतो. दुसरी शिफारशीची. हा विद्यार्थी एकट्याने उडायला किंवा परीक्षेला बसायला तयार आहे, असे प्रशिक्षक लिहून देतो. तिसरी परीक्षकाची. ती झाली की परवाना.

‘शाळेतच परीक्षा’ हा सगळा वाद तिसऱ्या सहीभोवती फिरतो. पहिल्या दोन सह्या करणारा माणूस कोण, तो किती दिवसांचा शिक्षक आहे आणि त्याला कोणी घडवले, याकडे तितके लक्ष जात नाही. या आढाव्यात दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या आहेत, कारण एकीचे उत्तर दुसरीवाचून लागत नाही.

गोस्पोर्टचा वारसा

पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत ब्रिटिश हवाई दलात शिकवण्याचे काम कोणाच्याही गळ्यात पडे. आघाडीवर थकलेला, जखमी होऊन परतलेला किंवा नुकताच पास झालेला वैमानिक दोन-चार नवशिक्यांना हाताशी घेई. काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत, हे ज्याचे त्याने ठरवावे. फ्रान्समध्ये एका स्क्वाड्रनचे नेतृत्व केलेले रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांना अर्धवट शिकून आलेली पोरे मरताना पाहून हे असह्य झाले. त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार लावून धरली आणि १९१७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गोस्पोर्ट इथे प्रशिक्षकांसाठीच एक शाळा उभी राहिली.

तिथे ठरलेल्या गोष्टी आज साध्या वाटतात. विमानाला दुहेरी नियंत्रणे हवीत. विद्यार्थ्याने पहिल्यापासून स्वतः विमान चालवावे आणि प्रशिक्षकाने सोबत राहावे. इंजिनाच्या गोंगाटातही शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोचावे म्हणून रबरी नळी वापरावी. ‘गोस्पोर्ट ट्यूब’ हे तिचे नाव पुढे अनेक वर्षे टिकले. आणि सर्वांत धाडसी भाग म्हणजे, विमान गिरक्या घेत खाली कोसळू लागते त्या स्पिनसारख्या ज्या अवस्थांना सगळे घाबरत त्यांत मुद्दाम जाऊन त्यांतून बाहेर पडायला शिकवावे. भीती टाळून नव्हे, तिच्यात उतरून घालवायची.

स्मिथ-बॅरींचे खरे योगदान मला यांतल्या कोणत्याही एका युक्तीत दिसत नाही. उडवणे ही एक विद्या आणि उडवायला शिकवणे ही दुसरी, आणि दुसरीसाठी वेगळी तयारी लागते, हे त्यांनी संस्थेच्या रूपात मान्य करून घेतले. आजचे प्रत्येक प्रशिक्षक-प्रमाणपत्र त्या कबुलीचे वारस आहे.

आपल्याकडे हा प्रवाह जुहूला पोचला. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ ची. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच क्लबमध्ये शिकून. पुढे अनेक दशके भारतातले नागरी उड्डाणशिक्षण या क्लबांच्या आधाराने चालले. मुख्य प्रशिक्षकाचा शब्द तिथे अखेरचा असे.

अमेरिकेची मांडणी

या प्रश्नावर सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेत आहेत, म्हणून तिथे थोडे थांबू. एफएए ही तिथली नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था. तिच्या नियमांत शिकण्याच्या दोन वाटा आहेत आणि नियमांच्या क्रमांकांवरूनच त्या ओळखल्या जातात.

पार्ट ६१ ही मोकळी वाट. प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक आणि विमान मिळाले की शिकता येते, शाळाच हवी असे नाही. खासगी परवान्यासाठी किमान ४० तास आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान २५० तास लागतात. पार्ट १४१ ही मान्यताप्राप्त शाळेची वाट. अभ्यासक्रम एफएएने मंजूर केलेला, मुख्य प्रशिक्षक ठरलेला, टप्प्याटप्प्यावर अंतर्गत तपासणी सक्तीची. या शिस्तीच्या मोबदल्यात तासांत सूट मिळते. खासगी परवान्याला ३५ तास पुरतात आणि सगळे टप्पे मान्यताप्राप्त शाळेत केले तर व्यावसायिक परवाना सुमारे १९० तासांत मिळू शकतो. शाळेने मात्र २४ महिन्यांत किमान १० जणांना परीक्षेसाठी पाठवलेले असावे आणि परीक्षांत पहिल्याच प्रयत्नात पास होण्याचे प्रमाण किमान ८० टक्के असावे लागते.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे परीक्षाधिकार. ज्या अभ्यासक्रमासाठी शाळेला तो हवा, तो तिने सलग २४ महिने चालवलेला हवा. त्या काळात किमान १० विद्यार्थी त्यातून बाहेर पडलेले हवेत आणि त्यांपैकी किमान ९० टक्के पहिल्याच प्रयत्नात पास झालेले हवेत. ही परीक्षा घेणारा एफएएचा निरीक्षक किंवा शाळेचा नोकर नसलेला परीक्षक असला पाहिजे. म्हणजे शाळेने आधी परक्याच्या हाताखाली स्वतःला सिद्ध करायचे आणि मगच परीक्षा स्वतःच्या हाती घ्यायची. अधिकार मिळतो तोही अभ्यासक्रमापुरता, सरसकट नाही. शाळेच्या परीक्षेची व्याप्ती, खोली आणि काठिण्य एफएएच्या परीक्षेइतकेच असले पाहिजे आणि नोंदी जपून ठेवाव्या लागतात.

शाळेच्या आतही एक कुंपण आहे. अंतर्गत तपासणी करणाऱ्या प्रशिक्षकाने जिला मुख्यतः स्वतः शिकवले किंवा जिची शिफारस स्वतः केली, अशा विद्यार्थिनीची तपासणी त्याने करायची नाही. परीक्षा शाळेच्या आवारात होते. शिकवणाराच परीक्षक नसतो. टीका करणारे हा भेद बऱ्याचदा विसरतात.

बहुतेक विद्यार्थ्यांना मात्र परीक्षाधिकार असलेली शाळा मिळत नाही. त्यांची ‘चेकराइड’ घेतात एफएएने नेमलेले खासगी परीक्षक, म्हणजे डीपीई. हे सरकारी नोकर नसतात. ते स्वतःची फी ठरवतात आणि ती उमेदवाराकडून थेट घेतात. मोजपट्टी सर्वांना एकच आहे. परीक्षेत कोणते ज्ञान, कोणते कौशल्य आणि धोक्याची कोणती जाण पाहायची, ते सांगणारी लिखित मानके २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. प्रशिक्षकांच्या परीक्षेची नवी मानके ३१ मे २०२४ पासून लागू झाली.

शिक्षकाचा शिक्षक

आता पहिल्या दोन सह्या करणाऱ्याकडे वळू. अमेरिकेत प्रशिक्षक व्हायला व्यावसायिक परवाना आणि उपकरणांच्या आधारे उडण्याचे रेटिंग हवे. दोन लेखी परीक्षा असतात. एक विमानविद्येची, दुसरी शिकवण्याच्या मूलतत्त्वांची. शाळेत सातवी किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवण्याचा अधिकृत दाखला ज्याच्याकडे आहे, त्याला ही दुसरी परीक्षा माफ आहे. आपल्या बी.एड. झालेल्या शिक्षकांना हा अभ्यास ओळखीचा वाटेल. त्यात पाठटाचण आहे, पूर्वज्ञान तपासणे आहे, प्रश्न कसे विचारावेत हे आहे, विद्यार्थी घाबरला किंवा फुगला तर काय करावे हेही आहे. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचे अध्ययनाचे नियमही आहेत. त्यांत भर घालून आलेले एक तत्त्व असे की पहिल्यांदा जे शिकले जाते ते पक्के बसते, आणि चुकीचे बसले तर काढणे महाकठीण. हाताला पहिले वळण कोणी लावले, हा प्रश्न म्हणूनच हवेत फार मोठा होतो.

उड्डाणातली तयारी वेगळीच कसोटी पाहते. आजवर डाव्या बाजूला बसून उडवलेले विमान आता उजवीकडून उडवायचे. हात विमानावर, डोळे बाहेर, तोंडाने समजावणे चालू, आणि विद्यार्थ्याच्या चुकीला किती वेळ जाऊ द्यायचे याचा हिशेब मनात. फार लवकर हात घातला तर तो शिकत नाही. उशीर केला तर दोघेही संकटात. अमेरिकेत १९४९ मध्येच सामान्य वैमानिकाच्या परीक्षेतून स्पिन वगळण्यात आला. प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्याला मात्र स्पिनचे प्रत्यक्ष प्रशिक्षण झाल्याची नोंद आजही लागते. अनेक शाळांत शिकवण्याच्या साखळीतला हा एकच माणूस असतो, ज्याने स्पिन स्वतः पाहिलेला असतो. स्मिथ-बॅरींचा वारसा तेवढ्या एका धाग्यावर टिकून आहे.

किती तास शिकून शिक्षक व्हावे, यावर मात्र एकमत नाही. पार्ट १४१ च्या अभ्यासक्रमात पहिल्यांदा प्रशिक्षक होणाऱ्याला ४० तासांचे जमिनीवरचे आणि २५ तासांचे उड्डाण-प्रशिक्षण ठरवून दिलेले आहे. पार्ट ६१ मध्ये असा किमान आकडाच नाही, तयारी झाली असे शिकवणाऱ्याला वाटले की पुरे. नव्या प्रशिक्षकाला घडवणाऱ्याने सर्वसाधारणपणे २४ महिने प्रशिक्षक असावे आणि २०० तास तरी शिकवलेले असावे, अशी अट आहे. १ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणांनी त्याला जोडून आणखी एक दार उघडले. विशेष पात्रता-कार्यक्रम पूर्ण केलेल्या प्रशिक्षकालाही हे काम करता येते. त्याच सुधारणेने प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्रावरची मुदतीची तारीख काढून टाकली. आता दर २४ महिन्यांत अलीकडचा अनुभव किंवा उजळणी दाखवली की झाले. स्वागत करणाऱ्यांच्या मते कागदी कटकट कमी होऊन अनुभवी लोक परत येतील. अनुभवाची पायरी खाली येईल ही भीतीही व्यक्त होते. दोन्हींतले खरे काय, हे ठरायला अजून काही वर्षे जावी लागतील.

पंधराशे तासांची सावली

१२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले. विमानातले सर्व ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. विमानाचा वेग कमी होऊन स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल नाहीशी होण्याचा, इशारा मिळाला असताना कॅप्टनने उलटी कृती केली, हे चौकशीत पुढे आले. मृतांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीच्या सह-वैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव बंधनकारक झाला. लष्करी पार्श्वभूमी किंवा विमानविद्येची पदवी असेल तर ७५०, १००० किंवा १२५० तासांची सवलत आहे. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा बरेच जास्त होते, हे टीकाकार तेव्हापासून सांगत आले आहेत.

या नियमाचा उड्डाणशाळांवर झालेला परिणाम मूळ वादाइतकाच महत्त्वाचा आहे. अडीचशे तासांवर व्यावसायिक परवाना घेतलेल्या मुलाने उरलेले साडेबाराशे तास कुठे जमवायचे? सर्वांत सोपी जागा म्हणजे प्रशिक्षकाची उजवी सीट. त्यामुळे अमेरिकेत शिकवणारा बहुधा नुकताच शिकून झालेला असतो आणि तास भरले की विमान कंपनीत निघून जातो. मराठी मुलांना तिथे मिळणारा पहिला शिक्षक अनेकदा त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असतो.

यालाही दुसरी बाजू आहे. तरुण प्रशिक्षकाला शिकतानाच्या अडचणी ताज्या आठवतात. तो उत्साहाने शिकवतो, आणि शिकवताना त्याची स्वतःची विद्याही पक्की होते. अनुभवी वैमानिक हा आपोआप चांगला शिक्षक असतो असेही नाही, गोस्पोर्टच्या शाळेने तेच तर दाखवून दिले. तरीही, ज्याला हे काम आयुष्यभर करायचे आहे आणि ज्याला त्यातून लवकर बाहेर पडायचे आहे, त्या दोघांच्या पहिल्या सहीचे वजन एक नसते.

शाळेतच परीक्षा असावी, असे म्हणणारे

पहिला मुद्दा उपलब्धतेचा. अमेरिकेत परीक्षकांची वाट पाहण्यात आठवडे, कधी महिने जातात. तयार झालेला विद्यार्थी ताटकळला की हात गंजतो. मग पुन्हा सराव, पुन्हा खर्च. ही तक्रार इतकी वाढली की २०१८ च्या कायद्याने परीक्षकांच्या व्यवस्थेत सुधारणा सुचवणारा गट नेमायला लावला. त्याने २०२१ मध्ये शिफारशी दिल्या आणि २०२४ च्या कायद्यातही हा विषय आला. शाळेकडे परीक्षाधिकार असेल तर हवामान उघडले त्या दिवशी परीक्षा होऊ शकते.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. चांगल्या शाळेत परीक्षा एका दिवसाची नसते. टप्प्याटप्प्यावर वेगवेगळ्या तपासनिसांनी विद्यार्थ्याला पाहिलेले असते. बाहेरचा परीक्षक दोन-चार तासांत जे पाहतो त्यापेक्षा शाळेला त्याच्याविषयी अधिक ठाऊक असते. उमेदवार वाईट दिवशी नापास होऊ शकतो आणि चांगल्या दिवशी नशिबाने पासही. तिसरा मुद्दा हिशेबाचा. ९० टक्क्यांची अट पार करून आलेल्या शाळेने परक्यासमोर स्वतःला सिद्ध केलेलेच असते.

बाहेरचाच परीक्षक हवा, असे म्हणणारे

यांचा पहिला आक्षेप हितसंबंधांचा. विद्यार्थी फी भरतो आणि नापास विद्यार्थी शाळेचे नाव खाली आणतो, अशा वेळी परीक्षकावर अदृश्य दडपण येणारच. तो माणूस प्रामाणिक असला तरी येते. बोइंग ७३७ मॅक्सचे २०१८ आणि २०१९ मधले दोन अपघात, ज्यांत ३४६ जण मरण पावले, त्यांच्यानंतर विमानाच्या मान्यतेची कामे कंपनीच्याच लोकांवर सोपवण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत मोठी चर्चा झाली. क्षेत्र वेगळे असले तरी तपासणीचे काम किती सोपवावे, हा मूळ प्रश्न तोच, असे ही मंडळी म्हणतात.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. प्रत्येक शाळेच्या काही सवयी असतात. उतरताना वेग थोडा जास्त ठेवायची, विशिष्ट धावपट्टीच्या आधाराने अंदाज बांधायची, चेकलिस्टमधली एखादी ओळ घाईत उरकायची. आत राहणाऱ्यांना त्या दिसत नाहीत. विद्यार्थ्याला पूर्वी कधीच न पाहिलेला माणूस शेजारी बसतो तेव्हा त्या ठळक होतात. बाहेरचा परीक्षक विद्यार्थ्याबरोबर शाळेचीही परीक्षा घेत असतो. ती शाळेत गेली की शाळेला आरसा दाखवणारे कोणी उरत नाही.

पण बाहेरच्या परीक्षकाची व्यवस्थाही निर्दोष नाही, हे या बाजूच्या विचारी लोकांनाही मान्य आहे. डीपीईचे पैसे उमेदवारच देतो. कोण सोपा, कोण कडक, ही माहिती विद्यार्थ्यांत पसरते आणि गर्दी सोप्याकडे वळते. म्हणजे हितसंबंध तिथेही आहेत, फक्त त्यांची जागा बदलते.

युरोपची रेघ

युरोपीय महासंघाच्या नियमांनी मधला मार्ग निवडला. परीक्षक शाळेशी संबंधित असू शकतो. मात्र ज्या उमेदवाराला त्याने आवश्यक उड्डाण-शिक्षणाच्या २५ टक्क्यांहून अधिक स्वतः शिकवले, त्याची परीक्षा त्याने घ्यायची नाही. परीक्षेसाठी ज्याची शिफारस करण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती, त्याचीही नाही. आणि आपल्या निष्पक्षतेवर परिणाम होईल असे वाटले तर त्याने स्वतःहून बाजूला व्हायचे. नातेवाईक, मित्र, आर्थिक संबंध ही उदाहरणे मार्गदर्शक टिपांत दिली आहेत. इथे रेघ संस्थेभोवती नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या सहीच्या मध्ये आहे.

युरोपात प्रशिक्षकाची घडणही अधिक बांधेसूद आहे. शिकवण्याच्या शास्त्राचे २५ तास, सैद्धांतिक विषयांचे १०० तास आणि विमानाच्या प्रशिक्षकासाठी किमान ३० तास उड्डाण. त्यानंतरही तो मोकळा होत नाही. सुरुवातीला त्याचे अधिकार मर्यादित असतात आणि त्याला अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवावे लागते. १०० तास शिकवून आणि विद्यार्थ्यांच्या किमान २५ एकट्या उड्डाणांवर देखरेख करून झाली की मर्यादा उठते. आपल्याकडे नवा वकील ज्येष्ठाच्या हाताखाली काही काळ काढतो, तसेच हे. अमेरिकेत अशी उमेदवारी नियमाने सक्तीची नाही. चांगल्या शाळा ती स्वतःहून ठेवतात. माझ्या मते या सगळ्या तुलनेत अमेरिकेने घेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती ही आहे.

आपल्याकडे

भारतात व्यावसायिक परवान्याला किमान २०० तास लागतात, त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे असताना. लेखी परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, स्वतः घेते. उड्डाणाच्या परीक्षा तिने मान्य केलेले परीक्षक घेतात आणि त्यांत उड्डाणशाळांचे मुख्य प्रशिक्षक मोठ्या संख्येने असतात. अमेरिकेत शिकून परतलेल्यांनाही इथला परवाना घेताना डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि कौशल्य चाचणी द्यावी लागते.

भारताला सर्वांत मोठा धक्का २०११ मध्ये बसला. बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक सापडले. राजस्थानातल्या एका उड्डाणशाळेत प्रत्यक्ष न उडता तास लॉगबुकात भरल्याचे प्रकरण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उघड केले आणि डीजीसीएने देशभरातल्या शाळांची तपासणी हाती घेतली. या प्रकरणाने एक गोष्ट लख्ख केली. राजस्थानात खोट होती ती पहिल्या सहीत. शेवटी परीक्षा कोणीही घेवो, तिच्याखालचे तास खोटे असतील तर परीक्षकाची सही पोकळ पायावर उभी राहते.

तेव्हापासून संख्या वाढत गेली. २०२२ मध्ये देशात ११६५ आणि २०२३ मध्ये १६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. २०२१ मध्ये बेळगाव, जळगावसह पाच विमानतळांवर नऊ नव्या उड्डाणशाळांना जागा देण्यात आल्या. शिकवणारे कमी पडू लागले. त्याच काळात झालेला एक बदल फार चर्चेत आला नाही. विद्यार्थ्याच्या उड्डाणाला मंजुरी देण्याचा अधिकार पूर्वी फक्त मुख्य किंवा उपमुख्य प्रशिक्षकाकडे होता, तो इतर उड्डाण-प्रशिक्षकांनाही मिळाला. विमाने आणि मुले मुख्य प्रशिक्षकाच्या सहीसाठी खोळंबत होती, हे खरे. ही सही खाली उतरली तेव्हा ती करणाऱ्यांच्या तयारीत काही भर पडली का, हा प्रश्नही तितकाच खरा.

महाराष्ट्राने या वाढीची किंमतही पाहिली. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळले आणि प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. अशा अपघातांना एकच कारण नसते आणि त्यांचा दोष प्रशिक्षकांच्या घडणीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण उजव्या सीटवरच्या माणसाचे आयुष्यही विद्यार्थ्याइतकेच पणाला लागलेले असते, याची आठवण ठेवूनच हा विषय बोलला पाहिजे.

२०२५ मध्ये डीजीसीएने उड्डाणशाळांची क्रमवारी सुरू केली. पहिल्या यादीत अव्वल श्रेणीत एकही संस्था आली नाही. गुण कसे मोजावेत यावर वाद होतील, ते व्हायलाही हवेत. पण विद्यार्थी आणि पालकांसमोर तुलनेचा एक सरकारी आकडा आला, हे आधीपेक्षा बरेच झाले.

काय सुटलेले नाही

शाळेतच परीक्षा दिलेले वैमानिक पुढे कसे निघतात आणि बाहेर परीक्षा दिलेले कसे, यांची तुलना करता येईल अशी माहिती सहजी हाती लागत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू अनुभव आणि तर्कावर बोलतात. पुढच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीशी परीक्षेचा निकाल जोडून पाहिला तर वाद पुष्कळ निवळेल. विमान कंपन्यांकडे अशा नोंदी असतात, पण त्या शाळांपर्यंत परत येत नाहीत.

दुसरा प्रश्न पासाच्या टक्क्यांचा. ८० किंवा ९० टक्के हा आकडा गुणवत्तेचा पुरावा आहे, की फक्त खात्रीच्या विद्यार्थ्यांना पुढे करण्याचे आमिष? कच्च्या मुलाला तयार होईपर्यंत थांबवणे योग्यच आहे. त्याला कंटाळून सोडून जायला लावणे योग्य नाही. टक्केवारीत हे दोन्ही एकसारखेच दिसते. किती जण दाखल झाले आणि किती पोचले, हा आकडा सोबत नसेल तर पासाचे प्रमाण अर्धेच सांगते.

तिसरा प्रश्न यंत्रांचा. आज साध्या प्रशिक्षण विमानाचीही वाट, उंची आणि वेग नोंदवता येतो. २०११ सारखी खोटी तासनोंद करणे त्यामुळे पुष्कळ अवघड होईल. पण यंत्र तास मोजते. शिकवणे चांगले झाले की नाही, हे त्याला कळत नाही.

चौथा, आणि माझ्या मते सर्वांत जड, प्रश्न प्रशिक्षकाच्या पोटाचा आहे. विमान कंपनीतल्या पगाराशी तुलना होऊ शकेल असे मानधन आणि मान शिकवण्याला मिळाल्याशिवाय चांगले लोक या कामात थांबणार नाहीत. परीक्षा कोणाच्या हाती द्यायची, हा निर्णय त्याच्या मागून येतो. शाळेकडे परीक्षाधिकार असावा, पण शिकवणाऱ्याकडे नसावा, आणि काही विद्यार्थ्यांची परीक्षा दरवर्षी न सांगता बाहेरच्याने घ्यावी, ही मांडणी मला आज सर्वांत समतोल वाटते. प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्याची परीक्षा मात्र बाहेरच्यानेच घ्यावी. त्याची एक चूक पुढे शेकडो हातांत जाते.

मुलाला किंवा मुलीला उड्डाणशाळेत घालण्याआधी पालकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. शिकवणारा किती काळ शिकवतो आहे आणि त्याच्यावर देखरेख कोणाची आहे? अंतिम परीक्षा कोण घेणार आणि तो शाळेचा नोकर आहे का? गेल्या दोन वर्षांत किती विद्यार्थी दाखल झाले आणि किती पहिल्या प्रयत्नात पास झाले? अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त शाळेला ८० टक्क्यांची अट सांभाळावीच लागते, त्यामुळे यातला शेवटचा आकडा तिच्याकडे तयार असतो. पैसे भरण्याआधी तो मागून घ्या.